नऊ जणांनी पाहिलेला खांदा

फळ्यावर सतरा कात्रणं होती. बारा वर्तमानपत्रांतली, चार साप्ताहिकांतली आणि एक मी संगणकावरून छापून आणलेलं. फळा चार फूट रुंद, तीन फूट उंच, एरवी कापडाचे नमुने लावायचा. आईने प्रत्येक कात्रणाला दोन, अशा चौतीस टाचण्या टोचल्या होत्या. सगळी कात्रणं फळ्याच्या उजव्या अर्ध्या भागात एकमेकांवर चढून दाटीवाटीने बसली होती आणि डावा अर्धा भाग मोकळा होता. हे मी कात्रणं लावली त्याच दिवशी पाहिलं आणि आईने ती जागा नमुन्यांसाठी राखली असेल असं समजले.

सतराही परीक्षणं एकाच सिनेमाची. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मोठ्या घरातली सून; नवरा लढाईवर जातो तो परत येत नाही, सासरा अंथरुणाला खिळतो, दीर घर विकायला काढतो आणि ती एकटी शेवटपर्यंत दार अडवून उभी राहते. मध्ये चार मृत्यू, एक आग आणि सात वर्षं उशिरा पोचलेलं एक पत्र. तेरा जणांनी सिनेमाला झोडपलं होतं. ‘अतिरंजित’ हा शब्द नऊ वेळा आला होता, ‘रडका’ सहा वेळा. एकाने लिहिलं होतं की पार्श्वसंगीत प्रेक्षकाच्या मानगुटीवर बसून त्याच्याकडून अश्रू वसूल करतं. नायिकेचं काम करणाऱ्या नटीला मात्र सोळा जणांनी डोक्यावर घेतलं होतं.

“आणि सतरावा?” आईने विचारलं.

“त्याने तिचा उल्लेखच केलेला नाही.”

“मध्यंतराला उठून गेला असेल मेला,” टाचणी म्हणाली.

टाचणी म्हणजे आईची मदतनीस. पन्नाशीची, उंच, काटकुळी, तोंडात कायम दोन-तीन टाचण्या धरून बोलणारी. आईने बेतायचं आणि टाचणीने शिवायचं, असं बावीस वर्षं चाललं होतं. फळ्याकडे बघून ती म्हणाली होती, “चौतीस त्या, पस्तिसावी मी.”

नाटक-सिनेमांसाठी जुन्या काळचे कपडे बेतणं हे आईचं एकतीस वर्षांचं काम. या सिनेमात नायिकेचे सात पोशाख होते, सगळे तिने बेतलेले. परीक्षणं ती माझ्याकडून वाचून घ्यायची. स्वतः वाचायचा तिला हल्ली कंटाळा यायचा. “छापतात तरी कसं,” ती म्हणायची, “ओळीला सुरुवातच नसते.”

सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात खडूस समीक्षकाचं परीक्षण मी शेवटी वाचलं. त्याने लिहिलं होतं, ‘सिनेमा रडतो, ती रडत नाही. पहिल्या प्रसंगात तिचे दोन्ही खांदे समान आहेत. गोष्ट पुढे सरकते तसा डावा खांदा कणाकणाने वर चढतो. शेवटी ती दारात उभी असते तेव्हा घराचं सगळं ओझं त्या एका खांद्यावर आलेलं दिसतं. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.’

“गुणी आहे ती,” आई म्हणाली. “पण कपड्यांबद्दल एक अक्षर नाही. उघडी उभी होती का काय?”

“एकाने लिहिलंय की, बाई,” टाचणी म्हणाली.

एकाने खरंच लिहिलं होतं. एका साप्ताहिकाने शेवटच्या ओळीत ‘वेशभूषा नेमकी’ असं म्हणून कंसात आईचं नाव छापलं होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ते कात्रण फळ्याच्या उजव्या कडेला होतं आणि आई येता-जाता त्याचा वर आलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवायची.

मी वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कामाची सवय घरी येते. सतरापैकी नऊ जणांनी त्या डाव्या खांद्याबद्दल लिहिलं होतं. एकमेकांना न विचारता नऊ जणांना एकच गोष्ट दिसली, म्हणजे ती बहुधा आहे. पण ती का आहे हे त्या नऊ जणांना ठाऊक असेलच असं नाही. मला कुतूहल वाटलं, एवढंच. मी रविवारी दुपारच्या खेळाला वही घेऊन दुसऱ्यांदा सिनेमाला गेले. प्रेक्षागृहात माझ्यासकट पंधरा माणसं होती.

खांदा खरंच चढत होता. दुसऱ्या पोशाखापर्यंत काही नाही, तिसऱ्यात जरासा, पाचव्यात स्पष्ट, सातव्यात कुणाच्याही लक्षात येईल इतका. पण शेवटाच्या थोडं आधी एक प्रसंग आहे. आगीनंतर ती जळक्या घरात एकटी बसते आणि जुन्या पेटीतून काढून लग्नानंतरच्या दिवसांतला, म्हणजे दुसरा पोशाख पुन्हा अंगावर चढवते. त्या पाच मिनिटांत तिचे दोन्ही खांदे समान होते. पुढच्याच प्रसंगात सातवा पोशाख आणि खांदा पुन्हा वर. एका समीक्षकाने याचंही कौतुक केलं होतं, ‘आठवणीत शिरताच ती हलकी होते’ असं. मी वहीत लिहिलं : खांदा गोष्टीबरोबर चढत नाही, पोशाखाबरोबर चढतो.

सातही पोशाख तेव्हा आमच्याकडेच होते. एका प्रदर्शनात मांडायचे म्हणून उसवलेल्या शिवणी सांधायला परत आले होते. दुसऱ्या दिवशी आई दाताच्या डॉक्टरांकडे गेली असताना मी ते टेबलावर एकेक पसरले आणि पोलादी पट्टीने मोजले.

आईची बेतायची रीत सगळ्यांपेक्षा निराळी होती. एक तर, चित्रीकरण कुठल्याही क्रमाने होवो, ती कपडे गोष्टीच्या क्रमानेच बेतायची. आधी पटकथा वाचायची, मग पहिला, मग दुसरा. “बाईचं पहिलं दुःख ठाऊक नसताना चौथं कसं बेतू?” असं तिचं म्हणणं. या सिनेमाचं काम रखडत गेलं. पहिल्या पोशाखापासून सातव्यापर्यंत चौदा महिने गेले. दुसरं, ती कापडाचा मध्य मोजत नसे. कापड समोर पसरायचं, एकदा नजर फिरवायची आणि खडूने सरळ रेघ ओढायची. मग त्या रेघेपासून गळा, तिथून कापडाच्या कडेपर्यंत खांदा, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा. हा पुढचा भाग कापून झाला की तोच मागच्या भागाच्या कापडावर ठेवून मागचा कापायचा. त्यामुळे मध्य चुकला तरी पुढची-मागची शिवण बरोबर जुळते आणि शिवणाऱ्याला काही कळत नाही.

मी गळ्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंचे खांदे मोजले आणि मध्य किती सरकला ते काढलं. पहिला पोशाख, शून्य. दुसरा, एक मिलिमीटर. तिसरा, तीन. मग सहा, नऊ, तेरा. सातवा, अठरा मिलिमीटर. दर वेळी एकाच बाजूला. कापड टेबलावर उताणं पसरलं की बेतणारीची उजवी बाजू ही घालणारीची डावी असते. आईची रेघ चौदा महिने उजवीकडे सरकत होती आणि नटीचा डावा खांदा आवळत होता.

मी पट्टी ठेवली आणि फळ्याकडे पाहिलं. मग एकेक आठवत गेलं. ताटात डावीकडे वाढलेलं तसंच राहायचं आणि आई म्हणायची, “आज भाजी वाढलीच नाहीस?” ताट फिरवलं की हसायची. तिच्या डाव्या दंडावर दाराच्या चौकटीचा एक डाग कायम असायचा, एक जातो न जातो तोच दुसरा. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. हे बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी ते सगळं बघितलंही होतं. नुसती बेरीज केली नव्हती.

मी नऊ दिवस गप्प राहिले. मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि आईला सांगितलं, डोळे तपासायचे आहेत. बाकी तोंडातून निघेना. ती त्या दिवसांत गुणगुणायची. तिच्या नावाचं कात्रण वाचायला शेजारची माणसं येत होती.

दहाव्या दिवशी दुपारी नटी स्वतःच शिवणघरात आली. सुती कपडे, तोंडाला रंग नाही, खांद्याला साधी पिशवी. टाचणीने तिला ओळखायला एक क्षण घेतला आणि मग तोंडातल्या टाचण्या गडबडीने काढल्या.

“मॅडम, तुम्ही? निरोप तरी धाडायचा. इथे बसायला धड खुर्ची नाही.”

“स्टूल आहे की,” असं म्हणत ती बसलीसुद्धा. “मावशी, मी कबुली द्यायला आले आहे.”

“आता माझा कुठला कपडा फाडलात?” आईने विचारलं.

नटी हसली. “फाडला नाही, चोरला. जो तो माझ्या खांद्याचं कौतुक करतोय. तो खांदा माझा नाहीच, मावशी. तुमचा आहे.”

मी इस्त्रीच्या टेबलाशी उभी होते. मी काहीतरी बोलून मध्ये पडायला हवं होतं.

“तिसऱ्या पोशाखापासून तो मला डावीकडे काचायला लागला,” ती सांगत राहिली. “आधी वाटलं, मीच सुटले. मग चौथा जास्त काचला, पाचवा त्याहून. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, तुम्ही गोष्ट वाचून बेतता ना! बाईचं जगणं आवळत जातं, तसा कपडा आवळत नेलात. मी काही केलं नाही, नुसतं कपड्याचं ऐकलं. आणि मुलाखतीत बसले तर सगळं श्रेय एकटीनं खाल्लं. तुमचं नाव ओठांवर आलं आणि गिळलं. तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाहीये.”

आईने हातातली कात्री टेबलावर ठेवली. ती नटीकडे बघत होती. तिचा चेहरा मला ओळखू येत नव्हता.

“घास उतरू दे,” ती शेवटी म्हणाली. “नाही तर पुढच्या मापाला सैल व्हाल. काय काम काढलंत ते सांगा.”

“नवा सिनेमा आहे. अकरा पोशाख. तुम्ही बेतणार असाल तरच मी करणार, असं सांगून आले आहे.”

“कळवते तुम्हाला.”

“कळवते काय, मावशी? हो म्हणा.”

“महिन्याभरात कळवते,” आई म्हणाली आणि तिला दारापर्यंत पोचवायला गेली. परत येताना तिचा डावा दंड चौकटीला लागला. तिने तो चोळला नाही.

“टाचणी, सातवा काढ. टेप आण.”

टाचणीने पोशाख पसरला, टेप लावला. एकदा लावला, उचलला, पुन्हा लावला. जुन्या सवयीने ती सुतात मोजते. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त.

“बोल की.”

“सहा सूत आहे बाई. जरा कमीच.”

“टेप लावणं कधी सोडलंस तू?”

“सहा वर्षं झाली असतील.” टाचणीने टेप गुंडाळायला घेतला. “तुमचा मध्य दोऱ्याइतकाही चुकत नव्हता. तुमच्या मागून टेप लावायची मलाच लाज वाटायला लागली.”

आई माझ्याकडे वळली. “तुला माहीत होतं.”

“नऊ दिवस.”

“मोजलंस?”

“सातही.”

“वही आण.”

मी वही तिच्यासमोर ठेवली. पानावर डावीकडे पोशाखांचे क्रमांक होते, उजवीकडे आकडे. तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. शून्य, एक, तीन, सहा, नऊ, तेरा, अठरा.

“आणि हे कुठल्या पोशाखाचे, ते का नाही लिहिलंस?” तिने विचारलं.

टाचणी उठून मागच्या खोलीत गेली.

मोठ्या डॉक्टरांनी आईची दोन तास तपासणी केली, मेंदूची छायाचित्रं काढली आणि आम्हाला समोर बसवलं. डोळे ठणठणीत होते.

“मग डावीकडचं मला दिसत का नाही?” आईने विचारलं.

“दिसतं. पण तिकडे काही असेल असं तुमच्या मेंदूला वाटतच नाही, म्हणून तो तिकडे बघायला जात नाही. ती दखल घेणारा भाग झिजतोय. हळूहळू.”

“तो पुन्हा भरून येतो का?”

“नाही.”

“थांबतो?”

डॉक्टरांनी पेन टोपणात घातलं. “सावकाश करायचा प्रयत्न करू.”

त्यांनी गोळ्या दिल्या आणि एक उपाय सांगितला. टेबलाच्या, ताटाच्या, पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची. काहीही करण्याआधी लाल दिसेपर्यंत मान डावीकडे वळवायची. घरी येताना आईने माझं मनगट धरलं होतं. रस्ता ओलांडताना मी तिच्या डाव्या बाजूला होते.

“सरळ सांगायचं होतंस,” ती म्हणाली.

“तुझं नाव छापून आलं होतं.”

“हो ना. ‘नेमकी’ म्हणून.” ती हसली.

शिवणघरात टेबलाच्या डाव्या कडेला टाचणीने लाल फीत ठोकली. तीन आठवडे आईने रोज सकाळी तासभर सराव केला. मान वळवायची, लाल शोधायची, तिथून नजर उजव्या कडेपर्यंत आणायची, परत न्यायची, मग खडू. या काळात आम्ही कुणी मोजलं नाही. तिनेच मनाई केली होती. ती दमायची. पूर्वी दिवसभर उभी राहणारी बाई तासाभरात स्टुलावर बसायची आणि डोळे मिटून घ्यायची.

सोमवारपर्यंत नटीला उत्तर द्यायचं होतं. शनिवारी सकाळी आईने मांजरपाटाचे पाच सारखे तुकडे कापून घेतले. मांजरपाट म्हणजे नमुना कापून बघायचं स्वस्त कोरं कापड. तुकडे टाचणीने टेप लावून कापले होते. प्रत्येक रुंदीला साठ सेंटिमीटर.

“मध्याच्या पाच रेघा ओढते,” आई मला म्हणाली. “पाचपैकी चार एका सुताच्या आत आल्या तर सिनेमा घ्यायचा. नाही आल्या तर कात्री टाचणीकडे, आणि मी बसून बटणं लावीन.”

“मी नाही धरणार तुमची कात्री,” टाचणी म्हणाली.

“धरशील. बावीस वर्षं माझ्या चुका झाकल्यास, ही एक कशाला सोडतेस?”

“चुका कुठे होत्या तेव्हा?”

“म्हणून तर सवय लागली नाही तुला.” आईने खडूची धार नखाने साफ केली. “‘आई, आपण टेप लावून बेतू’ असं तू आता म्हणशील,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “टेपने मध्य मिळेल. पुढचं काय? गळ्याचा उतार, मुंढ्याची गोलाई, सगळं डोळ्यानेच. प्रत्येक रेघेला टेप लावणार का? आणि माप घ्यायला ती समोर उभी राहील, तेव्हा अर्धीच बाई दिसेल मला.”

मी तेच म्हणणार होते.

“एकेक मोजून मध्येच सांगू नकोस,” ती म्हणाली. “एकदा आकडा कळला की मी मुद्दाम रेघ डावीकडे ढकलीन. मग ते बेतणं नाही, लबाडी होईल. पाचही झाल्यावर मोज.”

तिने पहिला तुकडा पसरला. मान डावीकडे वळवली, लाल फितीला बोट लावलं, नजर कडेपासून कडेपर्यंत दोनदा फिरवली. मग खडू टेकवला आणि एका दमात रेघ ओढली. मी तुकडा उचलून मागे ठेवला. दुसऱ्याला तिने तितकाच वेळ घेतला. तिसऱ्याला फितीला बोट लावलं, पण नजर एकदाच फिरवली. चौथ्याच्या आधी ती पाणी प्यायली. पाचव्या तुकड्यावर ती बराच वेळ वाकून राहिली. मान वळवली, पण फितीपर्यंत पोचण्याआधीच परत आणली. तिला वाटलं, पोचली. टाचणीने तोंडावर हात घेतला. रेघ आधीच्या चार रेघांइतकीच सरळ होती.

“झालं,” आई म्हणाली आणि स्टुलावर बसली. “मोज. मोठ्याने सांग.”

मी पट्टी घेतली. प्रत्येक तुकडा वरच्या आणि खालच्या टोकाला, असा दोनदा मोजला. पहिली रेघ मध्यापासून दोन मिलिमीटर. दुसरी तीन. तिसरी सहा. चौथी नऊ. पाचवी चौदा मिलिमीटर, उजवीकडे. पाचपैकी दोनच एका सुताच्या आत होत्या.